विश्लेषण : शिक्षकांचा 'अंदाज' म्हणजे निकाल नव्हे! स्कॉटलंडमध्ये बोर्डाच्या वर्षात पालकांनी काय करावे?

जानेवारी संपत येतो. शाळेच्या सराव परीक्षेचा निकाल घरी येतो. गणितात 'सी', इंग्रजीत 'बी'. मुलगा खोलीचे दार लावून बसतो आणि स्वयंपाकघरात आईवडिलांची कुजबुज सुरू होते, 'आता अंदाज काय जाणार बोर्डाकडे?'

स्कॉटलंडमधल्या घराघरांत दर हिवाळ्यात हा प्रसंग घडतो. नोकरीनिमित्त एडिनबरा, ग्लासगो, ॲबर्डीन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी तो अधिकच गोंधळाचा ठरतो. दहावी-बारावीच्या टक्क्यांवर वाढलेल्या पालकांना तिथले ग्रेड, बँड आणि 'एस्टिमेट' यांचे गणित चटकन उलगडत नाही. त्यात २०२० च्या निकालाची आठवण अजून ताजी आहे. त्या वर्षी याच 'अंदाजा'वरून मुले रस्त्यावर उतरली होती आणि आठवडाभरात सरकारला माघार घ्यावी लागली होती.

हा अंदाज नेमका काय असतो, तो कधी उपयोगी पडतो आणि पालकांच्या हातात काय उरते, ते समजून घेऊया.

परीक्षा कोणत्या आणि कधी?

स्कॉटलंडची शालेय परीक्षा पद्धत इंग्लंडपेक्षा वेगळी आहे. तिथे जीसीएसई आणि ए-लेव्हल नाहीत. माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षी, म्हणजे साधारण १५-१६ व्या वर्षी मुले 'नॅशनल ५' ही परीक्षा देतात. पाचव्या वर्षी 'हायर' आणि सहाव्या वर्षी 'ॲडव्हान्स्ड हायर' किंवा आणखी काही हायर विषय. विद्यापीठ प्रवेशासाठी सर्वांत महत्त्वाची मानली जाते ती हायर.

शैक्षणिक वर्ष ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. सराव परीक्षा म्हणजे 'प्रिलिम' बहुतेक शाळांत हिवाळ्यात होतात. लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन महिनाभराहून अधिक काळ चालतात. निकाल ऑगस्टच्या सुरुवातीला, मंगळवारी लागतो. ही सारी जबाबदारी वर्षानुवर्षे 'स्कॉटिश क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटी' म्हणजे एसक्यूए या मंडळाकडे होती. तिच्या जागी 'क्वालिफिकेशन्स स्कॉटलंड' ही नवी संस्था आणण्याचा कायदा स्कॉटिश संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला.

'अंदाजित ग्रेड' म्हणजे काय?

प्रत्येक विद्यार्थ्याला अंतिम परीक्षेत कोणता ग्रेड मिळू शकेल, याचा अंदाज विषयशिक्षक परीक्षेपूर्वी मंडळाला कळवतात. तो मनाने ठरवायचा नसतो. प्रिलिममधील कामगिरी, वर्गातल्या चाचण्या आणि वर्षभराचे काम यांचा आधार लागतो.

अंदाज फक्त 'ए' किंवा 'बी' असाही नसतो. प्रत्येक ग्रेडचे वरचा आणि खालचा असे बँड असतात. त्यामुळे 'बी' मिळेल असे सांगताना तो 'ए'च्या जवळचा आहे की 'सी'च्या, हेही शिक्षकाला नोंदवावे लागते.

इथे पालकांची एक गल्लत होते. शिक्षक मुलाला जे लक्ष्य देतात ते वेगळे, विद्यापीठाच्या अर्जात 'यूकास'कडे जाणारा संभाव्य ग्रेड वेगळा आणि परीक्षा मंडळाकडे जाणारा अंदाज वेगळा. पालकसभेत 'ए'ची चर्चा झाली म्हणजे मंडळाकडे 'ए' गेला, असे गृहीत धरू नये. कोणत्या ग्रेडबद्दल बोलणे चालले आहे, हे विचारून घ्यावे.

सत्तर टक्के म्हणजे कमी?

महाराष्ट्रात शिकलेल्या पालकाला सर्वांत मोठा धक्का इथे बसतो. स्कॉटिश परीक्षांत 'ए'ची सर्वसाधारण रेषा ७० टक्क्यांची असते. 'बी' ६० ला, 'सी' ५० ला आणि 'डी' ४० ला. म्हणजे प्रिलिममध्ये ७२ टक्के मिळवून आलेल्या मुलीला 'फक्त बहात्तर?' असे विचारणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्या पद्धतीत तो अव्वल ग्रेड आहे.

ही रेषाही दगडावरची नसते. पेपर अपेक्षेपेक्षा कठीण निघाला तर मंडळ रेषा खाली आणते, सोपा निघाला तर वर नेते. २०१५ मध्ये हायर गणिताचा पेपर इतका अवघड गेला की 'सी'ची रेषा ३४ टक्क्यांवर आणावी लागली. त्यामुळे पेपर देऊन रडत घरी आलेल्या मुलासोबत त्याच रात्री गुणांची बेरीज मांडण्यात अर्थ नसतो.

२०२० मध्ये काय घडले?

करोनामुळे मार्च २०२० मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री जॉन स्विनी यांनी परीक्षा रद्द केल्या. १८८८ मध्ये स्कॉटलंडची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाल्यापासून ही पहिलीच वेळ होती. शिक्षकांना अधिक बारीक बँडमध्ये अंदाज द्यायला आणि वर्गातील मुलांचा क्रम लावायला सांगण्यात आले.

अंदाज आले तेव्हा आकडे फुगलेले दिसले. २०१९ मध्ये हायरमध्ये 'ए' ते 'सी' मिळवणाऱ्यांचे प्रमाण ७४.८ टक्के होते, शिक्षकांच्या अंदाजानुसार ते ८८.८ टक्क्यांवर जात होते. एका वर्षात एवढी उडी विश्वासार्ह नाही, अशी एसक्यूएची भूमिका होती. मंडळाने प्रत्येक शाळेचे अंदाज तिच्या मागील निकालांशी ताडून पाहिले आणि गरज वाटली तिथे कात्री लावली.

४ ऑगस्ट २०२० रोजी निकाल लागला. सुमारे सव्वा लाख ग्रेड खाली आले होते. हायरमध्ये सर्वांत वंचित भागांतील मुलांचे उत्तीर्णतेचे प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ टक्केबिंदूंनी घटले होते. सर्वांत संपन्न भागांत ही घट ६.९ टक्केबिंदूंची होती.

कारण समजायला अवघड नव्हते. एखाद्या शाळेचा निकाल पूर्वी कमी लागत असेल, तर यंदा तिथल्या हुशार मुलीचाही ग्रेड त्या जुन्या निकालाच्या सावलीत येत होता. तिने वर्षभर काय केले यापेक्षा तिच्या आधी त्या बाकांवर कोण बसले होते, हे जड ठरले. वंचित भागांतील मुलांचा निकाल आदल्या वर्षीपेक्षा चांगलाच आहे, असे सरकारने सांगून पाहिले. पण स्वतःचा ग्रेड खाली आलेल्या मुलाला सरासरीचे समाधान कसे मिळणार?

ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी माफी मागितली आणि ११ ऑगस्टला स्विनी यांनी खाली आणलेले सर्व ग्रेड शिक्षकांच्या अंदाजाप्रमाणे पूर्ववत करण्याची घोषणा केली. वर गेलेले ग्रेड तसेच ठेवण्यात आले. हायरचा निकाल ८९.२ टक्क्यांवर गेला. स्विनी यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव संसदेत फेटाळला गेला, पण परीक्षा मंडळावरचा विश्वास मात्र ढासळला तो ढासळलाच.

पुढच्या वर्षी काय झाले?

२०२१ मध्येही परीक्षा झाल्या नाहीत. या वेळी सूत्राची कात्री नव्हती. शिक्षकांनी मुलांच्या प्रत्यक्ष कामाच्या पुराव्यावर ग्रेड ठरवले. मात्र तो पुरावा गोळा करण्यासाठी शाळांनी एप्रिल-मेमध्ये चाचण्यांवर चाचण्या घेतल्या. 'परीक्षा रद्द झाली म्हणता, मग हे काय आहे?' असा मुलांचा आणि पालकांचा सवाल होता.

त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रही या पेचातून गेला. दहावीच्या निकालासाठी नववीच्या कामगिरीला ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांना २० गुण देण्यात आले. निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी घेण्याचा निर्णय पुढे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. अंदाज कडक सूत्राने छाटला तर अन्याय होतो आणि मोकळा सोडला तर निकाल फुगतो, हा अनुभव दोन्हीकडे आला.

आज हा अंदाज कुठे उपयोगी पडतो?

२०२२ पासून लेखी परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. निकाल ठरतो तो उत्तरपत्रिकेवर आणि ज्या विषयांत आहे तिथे असाइनमेंट, पोर्टफोलिओ किंवा प्रात्यक्षिकावर. अंदाज त्यात मिसळला जात नाही. 'सी'चा अंदाज गेलेल्या मुलाने पेपर उत्तम लिहिला तर त्याला 'ए' मिळण्यात कोणतीही आडकाठी नाही. उलट 'ए'चा अंदाज ही 'ए'ची हमी नाही.

खरी गरज लागते ती अडचणीच्या वेळी. परीक्षेच्या दिवशी मूल आजारी पडले, घरात मृत्यू झाला किंवा परीक्षेवर परिणाम होईल असा गंभीर प्रसंग ओढवला, तर शाळा मंडळाकडे विशेष परिस्थितीचा अर्ज करू शकते. तिथे नुसता अंदाज पुरत नाही. प्रिलिमची उत्तरपत्रिका, चाचण्या, वर्गातले लेखी काम असा पुरावा लागतो. म्हणूनच जानेवारीतला 'साधा सराव' तितका साधा नसतो. तो मुलासाठी विम्यासारखा असतो. सहसा लागत नाही, पण लागला तर तोच कामी येतो.

पालकांनी काय करावे?

*विचारायचे ते लवकर विचारा.* एप्रिलमध्ये 'अंदाज वाढवा' अशी विनंती घेऊन शाळेत जाण्यात अर्थ नाही. शिक्षकाला पुराव्याच्या पलीकडे जाता येत नाही. प्रिलिमनंतर लगेच विचारावे : कोणत्या घटकात गुण गेले? कोणता पुरावा कच्चा आहे? परीक्षेपूर्वी आणखी एखादी चाचणी होणार आहे का?

*असाइनमेंटकडे लक्ष ठेवा.* अनेक विषयांत अंतिम गुणांचा काही भाग लेखी परीक्षेच्या आधीच ठरलेला असतो. ते काम मुलानेच करायचे असते. पालकांनी करायचे ते एवढेच : तारखा माहीत असणे आणि त्या आठवड्यात घरी पाहुणे, प्रवास, समारंभ न ठेवणे.

*जुने पेपर वापरा.* मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्या कशा तपासायच्या याच्या सूचना मंडळ मोफत उपलब्ध करून देते. 'किती तास अभ्यास केलास?' यापेक्षा 'हा पेपर वेळ लावून सोडवू या का?' हा प्रश्न अधिक उपयोगी. पालकाला विषय येत नसला तरी घड्याळ लावता येते.

*मदतीची गरज असेल तर ती नोंदवा.* डिस्लेक्सिया, दृष्टिदोष, दीर्घ आजार किंवा अन्य कारणाने जादा वेळ, वाचक, लेखनिक किंवा संगणकावरची प्रश्नपत्रिका मिळू शकते. ही सोय शाळेमार्फत आणि आधीपासून करावी लागते. घरी 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसल्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

*परीक्षेच्या दिवशी अडचण आली तर त्याच दिवशी शाळेला फोन करा.* निकाल लागल्यावर सांगू, असे म्हणून थांबू नका.

*तुलना टाळा.* पुण्यातल्या भाचीचे ९४ टक्के आणि ग्लासगोतल्या मुलाचा 'बी' यांची तुलना होऊच शकत नाही. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर हे समजावून सांगणे पालकांचे काम आहे, मुलाचे नव्हे.

निकाल मनासारखा लागला नाही तर?

अपिलाचे नियम अलीकडे बदलले आहेत. २०२२ मध्ये शिक्षकांचा अंदाज निकालापेक्षा वरचा असेल तर वर्षभराच्या कामाच्या आधारे दाद मागता येत होती. २०२४ पासून ती वाट बंद झाली. आता झालेली तपासणी योग्य आहे का, एवढेच पाहिले जाते. अपील मोफत आहे आणि विद्यार्थी ते थेटही करू शकतो. मात्र ग्रेड वर जाऊ शकतो तसा खालीही येऊ शकतो, हे अर्ज करण्यापूर्वी शिक्षकांशी बोलून नीट समजून घ्यावे.

२०२५ मध्ये हायरमध्ये 'ए' ते 'सी' मिळवणाऱ्यांचे प्रमाण ७५.९ टक्के होते. म्हणजे चारातला जवळपास एक प्रयत्न तिथवर पोहोचला नाही. त्यांच्यासाठीही दारे बंद होत नाहीत. पाचव्या वर्षी हुकलेला हायर विषय सहाव्या वर्षी पुन्हा देता येतो. कॉलेजमधून एचएनसी, एचएनडी करून विद्यापीठात जाण्याचा मार्ग आहे. रिकाम्या जागांसाठी यूकासची 'क्लिअरिंग' प्रक्रिया असते. शिवाय बरीच मुले पाचव्या वर्षीचे हायरचे निकाल हातात असतानाच विद्यापीठाचा अर्ज करतात. इंग्लंडमधील ए-लेव्हलच्या मुलांप्रमाणे त्यांची सारी भिस्त संभाव्य ग्रेडवर नसते.

ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी सकाळी मेसेज येतो, टपालाने प्रमाणपत्र येते. तेव्हा घरातला पहिला प्रश्न 'अंदाज काय होता आणि आले किती?' हा असू नये. 'आता पुढे काय करायचे तुझ्या मनात आहे?' असे विचारले, तर बंद दार उघडण्याची शक्यता जास्त.