माथेरानातील अश्वसहलीचे नियोजन : भार, उतार आणि माती

डोंगरावरील वनात किंवा उद्यानात घोड्यावरून एक दिवस फिरावयाचे ठरले म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची यादी करावयाची, ती दिवसाच्या तासांत बसवावयाची आणि मग घोडा भाड्याने घ्यावयाचा, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. या पद्धतीत घोडा हे केवळ वाहन ठरते. वस्तुतः सहलीची मर्यादा स्वाराच्या हौसेवर अवलंबून नसून जनावराची भारक्षमता आणि वाटेची सहनशक्ती या दोन गोष्टींवर अवलंबून असते. हा विचार माथेरानच्या उदाहरणाने विशद करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रायगड जिल्ह्यातील हे गिरिस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० मध्ये येथे चढून आले आणि तेव्हापासून थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची प्रसिद्धी झाली. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरीच्या नाक्यावरच थांबतात; त्यामुळे पुढील प्रवासात घोड्याला आजही महत्त्व आहे. पठाराचा माथा जांभ्या दगडाचा असून वाटा तांबड्या मातीच्या आहेत. पावसाळ्यात ही माती सहज वाहून जाते.

प्रथम भाराचा विचार करू. अमेरिकेत झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ व ३० टक्के भार घालून पाहण्यात आले. २५ टक्के व त्याहून अधिक भार असताना हृदयस्पंदनांत लक्षणीय वाढ आढळली. म्हणून स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक भार असू नये, हा संकेत ग्राह्य मानावयास हरकत नाही. आता लहान चणीच्या एखाद्या तट्टाचे वजन ३०० किलो धरले, तर एकूण भार ६० किलो होतो. त्यातून खोगिराचे आठ किलो वजा करता स्वाराच्या वाट्याला ५२ किलोच उरतात. पुष्कळ प्रौढ माणसे या मर्यादेबाहेर जातात, हे उघड आहे. तेव्हा घोडा निवडताना त्याचा रंग वा चपळपणा पाहण्याऐवजी त्याची चण पाहावी. खोगिराखाली पाठ सोलवटली आहे काय, नाल ढिला आहे काय, हेही पाहून घ्यावे.

दुसरा विचार उताराचा. सपाटीवर उभ्या असलेल्या घोड्याच्या पुढच्या पायांवर शरीराचा सुमारे ६० टक्के भार असतो. उतारावर तो आणखी वाढतो. वीव्हर व डेल या संशोधकांनी माँटानात प्रयोग करून १९७८ मध्ये असे दाखविले की, पादचाऱ्यापेक्षा घोड्यामुळे वाटेची हानी अधिक होते व ती उतरताना विशेष होते. म्हणजे ज्या ठिकाणी जनावराला कष्ट अधिक, त्याच ठिकाणी मातीची झीजही अधिक. यावरून एकच साधा नियम निघतो : तीव्र उतारावर स्वाराने खाली उतरून चालावे. त्यायोगे घोड्याच्या पायांवरील ताण कमी होतो आणि खुरांचा मातीवरील दाबही घटतो. वाट सोडून कडेने घोडा घालणे मात्र सर्वथा टाळावे. तसे केल्याने वाट रुंदावते आणि पुढच्या पावसात तिची घळ होते. धूप थांबविण्यासाठी मुख्य रस्त्यावर ठोकळे बसविण्यात आले, तेव्हा त्यांवरून घोडे घसरतात असा आक्षेप घोडेवाल्यांनी घेतला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माती आणि खूर यांचा संबंध किती निकटचा आहे, हे यावरून ध्यानी यावे.

या दोन्ही विचारांच्या आधारे दिवसाची आखणी करता येते. ऊन चढण्यापूर्वी उत्तर टोकाच्या पॅनोरामा पॉइंटची लांबची फेरी करावी. दुपारी तंग सैल करून घोड्याला सावलीत उभे करावे, पाणी व वैरण द्यावी. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असल्याने थोडे थोडे खाणे त्याला मानवते. शार्लट तलाव हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, म्हणून पाण्याची सोय अन्यत्र आधीच पाहून ठेवावी. ऊन उतरल्यावर पश्चिमेकडील लुईझा पॉइंटची फेरी पुरे. घोडा चालीने तासाला सहा-सात किलोमीटर जातो. परंतु चढउतार व विसावा जमेस धरता यापेक्षा पुष्कळ कमी अंतर हिशेबात घ्यावे. पावसाळ्यात निसरड्या वाटांवर स्वारीचा बेतच करू नये.

शेवटी एका आर्थिक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. भाडे फेरीवर ठरत असेल, तर घोड्याचा प्रत्येक विसावा हा घोडेवाल्याचा तोटा ठरतो आणि वरील सर्व नियम कागदावर राहतात. यास्तव संपूर्ण दिवसाचे भाडे ठरवून विश्रांतीचे तासही त्यात धरावेत. जनावराच्या विश्रांतीचे मूल्य स्वाराने दिले, तरच घोडा, वाट आणि घोडेवाल्याचा चरितार्थ ही तिन्ही टिकतील.