ठिबकच्या टाकीत दोन खतं एकत्र केली की पाणी दुधाळ का होतं?

तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागा असोत की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, बरीचशी खतं आता ठिबकमधूनच दिली जातात. कॅल्शियम नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं, मॅग्नेशियम सल्फेटही विरघळतं. पण दोन्ही एकाच टाकीत घट्ट कालवली, की पाणी दुधाळ होतं आणि तळाशी पांढरा साका बसतो.

असं का होतं?

पाण्यात विरघळताना दोन्ही खतांचे आयन सुटे होतात. त्यातले कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम बनतं. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट एक किलोहून जास्त विरघळतं. जिप्सम मात्र जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. उरलेलं घनरूपात बाहेर पडतं. यालाच 'अवक्षेपण' म्हणतात. 12:61:00 सारख्या फॉस्फेटयुक्त खतासोबतही कॅल्शियमचा असाच साका होतो.

नुकसान काय?

दुहेरी. ड्रिपर तुंबतात आणि पैसे मोजून आणलेलं कॅल्शियम मुळांपर्यंत पोचतच नाही. जिप्सम आम्लातही सहज विरघळत नाही, त्यामुळे नंतर आम्ल सोडूनही नळ्या मोकळ्या होतील याची खात्री नसते.

मग करायचं काय?

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या टाकीतून किंवा वेगळ्या दिवशी द्या. मधे साधं पाणी सोडून नळ्या धुऊन घ्या. शंका असेल तर टाकीतल्याच प्रमाणात खतं काचेच्या बाटलीत मिसळून तासभर ठेवा. पाणी गढूळ झालं, तर ती जोडी टाकीत नको.