परदेशी बातमीदाराला आपली बातमी कशी कळते?

26 ऑगस्ट 2024 रोजी आमच्या मालवणात राजकोट किल्ल्यावरील शिवरायांचा पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. परदेशी माध्यमांचे वार्ताहर बसतात दिल्ली-मुंबईत. तरीही काही तासांतच दृश्ये सगळीकडे पोहोचली आणि बीबीसीनेही बातमी दिली.

पूर्वी परदेशी वार्ताहर स्वतः गावात जायचा, माणसांशी बोलायचा आणि तारेने मजकूर पाठवायचा. भारतातली तारसेवा 2013 मध्ये बंद झाली. खर्चापायी अनेक माध्यमांनी परदेशातली कार्यालयेही कमी केली. आता घटना प्रथम टिपतो तो गावातला मोबाईलवाला. वार्ताहराचे मोठे काम झाले आहे पडताळणीचे: व्हिडिओ कोणी काढला, जुना तर नाही ना, त्यातली पाटी, रस्ता, सावली त्या ठिकाणाशी आणि वेळेशी जुळते का?

आपल्यासाठी हे का महत्त्वाचे, ते खैरलांजीवरून कळते. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीला मोठ्या माध्यमांनी तिची फारशी दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती गोळा केली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा देशाचे लक्ष गेले. आज मोबाईल प्रत्येकाच्या हाती आहे. पण पुराव्याची शिस्त नसेल तर खरी घटनाही 'अफवा' म्हणून बाजूला टाकली जाते. जुना व्हिडिओ नवा म्हणून पाठवला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी एवढे पाळावे:

• मूळ फाईल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
• तारीख, वेळ, गाव, तालुका लगेच लिहून ठेवा. एफआयआरची प्रत घ्या.
• डोळ्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहा.
• लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव वा चेहरा पसरवू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.
• साक्षीदारांना विचारल्याशिवाय त्यांचा नंबर कुणालाही देऊ नका. वार्ताहर निघून जातो, साक्षीदाराला गावातच राहायचे असते.

परदेशी वार्ताहर आपल्या वाडीपर्यंत येईलच असे नाही. त्याचा फोन मात्र येऊ शकतो. त्या वेळी आपल्या हाती नुसता संताप नको, पुरावाही हवा.

जयभीम!