लेखकाच्या अनुपस्थितीत खेळावयाचा ग्रंथ : ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ आणि स्वप्रकाशित नियमावलीचा प्रश्न

१

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात उर्दू भाषा व दक्षिण आशियाविषयक विषय शिकविणाऱ्या एका प्राध्यापकांनी इ. स. १९७४ मध्ये एका खेळाची नियमावली टंकलिखित केली आणि तिच्या सुमारे ५० चक्रमुद्रित प्रती काढल्या. खेळाचे नाव ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’, म्हणजे ‘पाकळ्यांच्या सिंहासनाचे साम्राज्य’. प्राध्यापकांचे नाव मुहंमद अब्दुल रहमान बार्कर (१९२९–२०१२). पुढच्याच वर्षी ‘टीएसआर’ ह्या प्रकाशनसंस्थेने ती नियमावली मोठ्या रंगीत नकाशांसह पेटीबंद स्वरूपात बाजारात आणली. विज्ञान आणि अद्भुत ह्यांची सांगड घालणाऱ्या आद्य भूमिकाखेळांत तिची गणना होते.

चक्रमुद्रण आपल्या विद्यापीठीय विभागांनाही अपरिचित नव्हते. टिपणे, परिपत्रके, चर्चासत्रांतील निबंध त्याच मार्गाने वर्षानुवर्षे निघत असत. तेव्हा ५० प्रती काढण्यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. विशेष मुद्रणात नाहीच. जे जग एका व्यक्तीच्या मनात अनेक वर्षे वाढले, ते तिच्या अनुपस्थितीत सर्वस्वी अपरिचित माणसांना चालविता यावे असा मजकूर लिहिता येतो काय, हा खरा प्रश्न आहे. स्वतःचा खेळ रचून तो स्वतःच प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ह्या प्रश्नास तोंड द्यावे लागते. प्रस्तुत लेखात बार्कर यांच्या उदाहरणाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम ह्या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहू. भूमिकाखेळात चारपाच माणसे मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निर्णय फाशांनी व नियमांनी होतो. आपल्याकडील वगनाट्यात कथेचा सांगाडा ठरलेला असे आणि संवाद नट जागच्या जागी रचीत. येथे सांगाडाही पुरता ठरलेला नसतो, आणि पाहणारा प्रेक्षकही वेगळा नसतो.

म्हणून ह्या खेळाचे पुस्तक कादंबरी नव्हे, आणि नाटकाची संहिताही नव्हे. त्याची तुलना करावयाची तर व्याकरणाशी करावी लागेल. व्याकरण वाक्ये देत नाही. वाक्ये करण्याची शक्ती देते. मोजक्या नियमांतून अगणित आणि ग्रंथकाराने कधी न ऐकलेली वाक्ये निर्माण व्हावीत, ही त्याची प्रतिज्ञा असते. बार्कर यांच्या बाबतीत ही तुलना केवळ अलंकारिक नाही. ते व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ होते. १९५१ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते भारतात आले होते. पुढे ओरेगॉन प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या क्लॅमथ भाषेवर त्यांनी संशोधन केले. त्या भाषेचा त्यांचा कोश १९६३ मध्ये व व्याकरण १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात असताना १९६७ मध्ये त्यांचा उर्दूचा पाठ्यक्रमही निघाला. जो विषय आपणांस अवगत आहे तो अनभिज्ञ वाचकास क्रमाक्रमाने कसा द्यावा, ह्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

३

त्यांनी कल्पिलेल्या ग्रहाचे नाव टेकुमेल. अतिदूरच्या भविष्यकाळात मानव व त्याच्या मित्रजाती ह्या ग्रहावर येतात, तेथील मूळच्या बुद्धिमान जातींना मागे रेटून तो आपल्या वस्तीस अनुकूल करून घेतात. पुढे एका विश्वव्यापी आपत्तीत तो ग्रह आपल्या सूर्यमालेसह निराळ्याच अवकाशात फेकला जातो. आकाशातले तारे नाहीसे होतात. बाहेरचा व्यापार तुटतो. आणि धातू दुर्मिळ असल्यामुळे मोडलेली यंत्रे पुन्हा घडविता येत नाहीत. सहस्रावधी वर्षांनंतर उरतात ती परंपरानिष्ठ साम्राज्ये, स्थैर्याचे व परिवर्तनाचे असे दोन गटांत विभागलेले देव, आणि भूमिगत अवशेषांत सापडणारी जुनी उपकरणे. ती कशी चालतात हे कोणी जाणत नाही; म्हणून ती जादूची ठरतात.

विज्ञानाद्भुत ह्या प्रकाराचे मर्म येथे स्पष्ट दिसते. शुद्ध विज्ञानकथेत कारण सांगावे लागते, शुद्ध अद्भुतकथेत ते सांगावे लागत नाही. विज्ञानाद्भुतात कारण असते, पण पात्रांना ते विसर पडलेले असते. खेळ रचणाऱ्यास ह्याचा मोठा उपयोग होतो. चामड्याचे चिलखत का, लोखंडाचे का नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ तयार असते. तरीही अज्ञाताचे भय व कुतूहल खेळाडूस अनुभवता येते. मात्र धातूची दुर्मिळता केवळ प्रस्तावनेत सांगून भागत नाही. ती शस्त्रांच्या किमतीत, चिलखतांच्या कोष्टकात, लुटीच्या यादीत उतरावी लागते. जी कल्पना नियमात उतरली नाही, ती मेजावर नाहीशी होते.

४

आता नियमांकडे वळू. १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या खेळाचा आधार बार्कर यांनी घेतला, हे उघड आहे. तथापि त्यांनी केलेले दोन बदल अभ्यसनीय आहेत.

पहिला बदल पात्रांच्या गुणांविषयीचा. मूळ खेळात बल, बुद्धी इत्यादी गुण सहा बाजूंचे तीन फासे टाकून ठरत. तीन फाशांची बेरीज ३ ते १८ येते. पण सर्व बेरजा सारख्या संभवनीय नसतात. एकूण २१६ शक्यतांपैकी १८ ही बेरीज एकाच प्रकारे येते, तर १० व ११ प्रत्येकी २७ प्रकारे. म्हणजे चौथा हिस्सा माणसे अगदी मध्यम निघतात आणि असामान्य क्वचितच. बार्कर यांनी १ ते १०० ही शतमान पद्धत योजली. तीत प्रत्येक अंकाची संभाव्यता सारखीच, शेकडा एक. परिणामी अतिशय दुर्बल आणि अतिशय समर्थ माणसे वारंवार निपजतात. कोणती पद्धत चांगली, हा प्रश्न गौण आहे. फाशांची निवड म्हणजेच त्या जगातील समाजाविषयीचे एक विधान असते, ही गोष्ट महत्त्वाची.

दुसरा बदल आघाताविषयीचा. वीस बाजूंच्या फाशावर २० पडल्यास इजा दुप्पट, आणि लागोपाठ टाकलेल्या फाशावर १९ किंवा २० पडल्यास तत्काळ मृत्यू, असा नियम ह्या खेळात आहे. छापील भूमिकाखेळांत अशा प्रकारचा हा पहिला नियम मानला जातो. त्याचे गणित पाहावे : १/२० गुणिले २/२०, म्हणजे २०० आघातांत सरासरी एक. हे प्रमाण क्षुल्लक वाटते. परंतु नियम शत्रूलाही लागू असेल तर खेळाडूंच्या पात्रांवर दीर्घकाळात शेकडो आघात होतात, आणि प्रत्यक्ष २०० आघातांत निदान एकदा तरी असा मृत्यू ओढवण्याची संभाव्यता शेकडा ६३ भरते. शत्रू एका प्रसंगापुरता असतो, नायक अनेक प्रसंगांतून जातो. म्हणून दिसावयास समान असलेला नियम नायकालाच अधिक जाचक ठरतो. नवा नियम लिहिणाऱ्याने तो एका झुंजीपुरता न तपासता शंभर झुंजींच्या हिशेबाने तपासला पाहिजे.

ह्या दोहोंपेक्षाही मोलाची युक्ती वेगळीच आहे. टेकुमेलचा समाज गुंतागुंतीचा. तेथील शिष्टाचार चुकल्यास शिक्षा भयंकर. मग ज्यास काहीच माहीत नाही अशा खेळाडूने आरंभ कसा करावा? बार्कर यांनी नियमच केला की, नवी पात्रे लहान नावेतून जकाल्ला ह्या बंदरी येऊन उतरलेले परदेशी असावेत, आणि त्यांनी परकीयांच्या वस्तीत राहावे. खेळाडूचे अज्ञान हे अशा रीतीने पात्राचेच अज्ञान झाले. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यास वाचकाच्या अज्ञानाची लाज वाटत नाही. तो त्यालाच पहिला धडा करतो. येथे शिक्षक दिसतो.

५

असे असूनही हा खेळ आपल्या लेखकापासून पुरता सुटा झाला काय? माझ्या मते नाही. बार्कर यांच्या घरी त्यांच्या सूत्रधारपणाखाली हा खेळ वर्षानुवर्षे चालला. आर्नेसन हेही तेथे खेळत. टेकुमेलच्या भाषा, लिप्या, घराणी, पंथ ह्यांविषयीचे लेखन वाढत गेले. १९८४ मध्ये ‘द मॅन ऑफ गोल्ड’ ही कादंबरी निघाली. १९८३, १९९४ व २००५ ह्या वर्षी निरनिराळ्या प्रकाशकांनी निरनिराळ्या नियमावली काढल्या. तरी ह्या खेळाचा चाहतावर्ग निष्ठावान, पण लहानच राहिला. ह्याचे एक कारण असे दिसते की, माहिती जसजशी वाढली तसतसे नव्या सूत्रधारास आपण काही चुकीचे तर सांगत नाही ना, असे भय वाटू लागले. व्याकरणाने बोलण्याचे धाडस द्यावयाचे असते. येथे कोशाच्या भाराने बोलणाऱ्याची जीभ अडखळली.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण त्याच काळातले आहे. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा खेळ रचून त्याच्या १०० प्रती विद्यापीठाच्या छापखान्यात छापून घेतल्या. नेहमीचे सहा बाजूंचे फासे घरोघर मिळतात म्हणून तेवढेच त्यांनी वापरले. पुढच्याच वर्षी त्या खेळासाठी ‘बफेलो कॅसल’ हे एकट्याने खेळावयाचे साहस निघाले. त्यात परिच्छेदांना अंक देऊन सूत्रधाराचीही गरज काढून टाकलेली आहे. त्या जगाची खोली टेकुमेलच्या पासंगासही पुरणार नाही. पण पुस्तक मात्र आपल्या पायांवर उभे राहते. स्वप्रकाशकास ह्या दोन टोकांमधली जागा शोधावी लागते.

६

प्रकाशनाच्या व्यवहाराविषयी थोडे सांगावयास हवे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हाही वस्तुतः स्वप्रकाशित ग्रंथ. त्यासाठी १९७३ मध्ये टीएसआर ही संस्था उभी करण्यात आली आणि पहिली आवृत्ती १,००० प्रतींची निघाली. आज मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, संगणकीय प्रत विकता येते, आणि लोकवर्गणीने खर्च आधीच उभा करता येतो. माँटी कुक यांच्या ‘न्यूमेनेरा’ ह्या विज्ञानाद्भुत खेळासाठी २०१२ मध्ये २०,००० डॉलरांची अपेक्षा असता ५ लाखांहून अधिक डॉलर जमले. पण कुक हे त्यापूर्वीच ह्या क्षेत्रातील नामवंत लेखक होते. नवागताने त्यावरून आपला हिशेब मांडू नये. त्याने फर्म्याचा हिशेब मांडावा. सोळा पृष्ठांचा फर्मा धरला तर ६४ पृष्ठांचे पुस्तक चार फर्म्यांत बसते, आणि ६५ वे पृष्ठ आले की कागद व मजुरी पाचव्याची पडते. एखादे कोष्टक गाळण्याचा निर्णय पुष्कळदा ह्या एका पृष्ठापायी होतो, आणि ग्रंथ त्यामुळे सुधारतोही.

हक्कांचा विचारही आवश्यक आहे. अमेरिकन कायद्याप्रमाणे खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क नसतो. तो तिच्या शब्दरूपावर असतो. म्हणूनच एकाच्या फाशांची रीत दुसरा घेऊ शकतो, वाक्ये घेऊ शकत नाही. २००० सालापासून चालत आलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा खुला परवाना बदलण्याचा प्रयत्न २०२३ च्या जानेवारीत झाला, तेव्हा त्यावर विसंबलेले असंख्य लहान प्रकाशक हवालदिल झाले. विरोधानंतर मूळ नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला. दुसऱ्याच्या परवान्यावर घर बांधताना पाया कोणाचा आहे हे पाहून घ्यावे, असा त्याचा धडा आहे.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली एक नाझीधार्जिणी कादंबरी बार्कर यांनीच लिहिली होती, हे टेकुमेल प्रतिष्ठानाने २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. त्या कबुलीने अनेक खेळाडूंना धक्का बसला. काहींनी हा खेळ सोडला. नियमावली लेखकापासून सुटी व्हावी असे आपण वर म्हटले. परंतु सुटी होणे म्हणजे लेखकाचा विसर पडणे नव्हे. ज्या जगात वंश, दास्य व बळी ह्यांना स्थान आहे ते जग कोणत्या मनातून आले, हे जाणून घेऊन ते पुन्हा वाचण्याची जबाबदारी आता वाचकावर आहे. गुणांचे विवेचन केले म्हणून ही गोष्ट झाकावी, किंवा ही गोष्ट कळली म्हणून विवेचनच सोडावे, ह्या दोन्ही वाटा संशोधकाच्या नव्हेत.

७

ज्यांना असा खेळ रचावयाचा आहे त्यांच्यासाठी एकच कसोटी सुचवितो. पुस्तक छापखान्यात देण्यापूर्वी त्याची प्रत चार अपरिचितांच्या हाती द्यावी, आणि ते खेळत असता आपण कोपऱ्यात मौन धरून बसावे. जेथे जेथे आपल्याला बोलण्याचा मोह होईल, तेथे तेथे ग्रंथात एक वाक्य कमी आहे किंवा दहा वाक्ये जास्त आहेत असे समजावे. त्या जागांची नोंद करून पुन्हा लिहावे. मग नव्या चार अपरिचितांसमोर पुन्हा मौन धरावे. मुद्रण त्यानंतर.