आधी जळजळ की आधी खोकला?

सकाळी ६
पैठणच्या नाथसागरावरून गार वारा येतो आहे. शेजारच्या मावशींनी चूल पेटवली आहे. खोकल्याची उबळ येते तशा त्या छाती धरून खाली बसतात. म्हणतात, "रात्री आंबट पाणी वर येतं गं, मग खोकला झोपू देत नाही." माझं संशोधन याच तक्रारीवर आहे.

सकाळी ८
आम्लाचे सूक्ष्म थेंब श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसांना इजा होऊ शकते. उलट, फुप्फुसं ताठर झाली की श्वास ओढायला जास्त जोर लागतो आणि आम्ल वर खेचलं जाऊ शकतं. त्यात तंबाखूचा धूर आणि वाढलेलं वजन दोन्हीकडे नुकसान करतात. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे नुसत्या केसपेपरवरून ठरत नाही.

सकाळी ९:३०
लॅपटॉप उघडते. पैठणच्या घरी बसून हे काम होतं, कारण आकडे खुले आहेत. यूके बायोबँकेत सुमारे ५ लाख लोकांची माहिती आहे, फिनलंडच्या फिनजेन प्रकल्पातही साधारण तेवढीच. माझ्या हाती व्यक्तींची नावं येत नाहीत, फक्त सारांश येतो: जनुकसंचातली जागा, तिथलं डीएनएचं अक्षर आणि त्या अक्षरामुळे आजाराचा धोका किती बदलतो.

सकाळी ११
आम्लपित्ताशी पक्कं नातं असलेली अक्षरं निवडते. निकष कडक आहे: निव्वळ योगायोगाने असं नातं दिसण्याची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी हवी. आईवडिलांची जनुकं मुलाकडे जणू नाणेफेक होऊन येतात, तीही धूर किंवा आहार यांचा संबंध येण्याआधी. म्हणून आम्लपित्ताची अक्षरं वाट्याला आलेल्यांत फुप्फुसांचा आजार जास्त आढळला, तर बोट आम्लाकडे दाखवता येतं. हा विचार मार्टाइन काटान यांनी १९८६ मध्ये कोलेस्टेरॉल आणि कर्करोगाबद्दल मांडला. आज या पद्धतीला आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं नाव आहे.

दुपारी २
भाकरी-पिठलं खाऊन पुन्हा बसते. एकच गणित तीन-चार पद्धतींनी करते आणि सगळ्यांचा कौल एका दिशेला लागतो का ते पाहते. मग बाजू उलटवते: फुप्फुसांच्या आजाराची अक्षरं घेऊन आम्लपित्त वाढतं का ते तपासते. फुप्फुसांच्या फायब्रोसिसबद्दल (फुप्फुसं ताठर होण्याच्या आजाराबद्दल) असाच अभ्यास २०२३ मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी जर्नलमध्ये आला. त्यात आम्लपित्ताकडून फायब्रोसिसकडे जाणारा धोका दिसला, उलट दिशेचा पुरावा मिळाला नाही.

दुपारी ४
आता शंका घेण्याची वेळ. आम्लपित्ताची काही अक्षरं वजनाशी आणि सिगारेटच्या सवयीशीही जोडलेली असतात. ती वगळून किंवा त्यांचा परिणाम वेगळा काढून गणित पुन्हा करते. दिवसातला सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि तो जायलाच हवा.

संध्याकाळी ६
मार्गदर्शक सरांचा व्हिडिओ कॉल. सर विचारतात, "यात आपली माणसं किती?" फार थोडी. २०१६ पर्यंतच्या जनुकं आणि आजार यांचं नातं शोधणाऱ्या अभ्यासांतले सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकसंच संशोधकांसाठी खुले केले, ही मोठी गोष्ट आहे. पण ती निरोगी माणसं आहेत. आजाराचा माग काढायला रुग्णांचे नमुने आणि त्यांच्या नीट नोंदी लागतात. २०१६ मध्ये भारतात सुमारे ५.५ कोटी लोकांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) आणि ३.८ कोटी लोकांना दमा होता. त्यातले कितीतरी जण कधीही सिगारेट न ओढलेले, पण चुलीचा धूर सोसलेले. युरोपातल्या आकड्यांत ही चूल नाही.

रात्री ९
दिवसभराच्या नोंदी लिहिते. जनुकांनी दिशा दाखवली तरी तेवढ्यावरून ॲसिडिटीची गोळी फुप्फुसांसाठी गुणकारी ठरत नाही. फायब्रोसिसमध्ये केवळ फुप्फुसं सुधारावीत म्हणून आम्लशामक औषधं देऊ नयेत, असाच सल्ला २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना देतात. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे: जुना खोकला घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर छातीतली जळजळही सांगा, घरातली चूलही सांगा. ॲसिडिटीची गोळी मनाने सुरू करू नका. आणि एखाद्या शासकीय रुग्णालयात संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला, तर संमतीपत्र वाचून, शंका विचारून तो जरूर द्या. मराठवाड्याच्या आजारांची उत्तरं मराठवाड्याच्याच रक्तात शोधावी लागतील.