लैंगिक गैरसमज इतके का टिकतात?

(कुर्डुवाडी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, कुर्डुवाडी हे जंक्शन. रेल्वेचा प्रवास आपल्याला नवा नाही. खिडकीतून रुळांकडेच्या भिंती पाहिल्यात ना? 'गुप्तरोग', 'धातू जाणे', 'लग्नाआधी, लग्नानंतर भेटा'. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी भिंती रंगतात, कारण गिऱ्हाईक मिळतं. ते का मिळतं, हे आज बघू.

'शंभर थेंब रक्तापासून एक थेंब वीर्य' हे सगळ्यांनी ऐकलंय. जरा हिशोब करू. एका वेळी साधारण तीन मिलिलिटर वीर्य बाहेर पडतं. शंभरपट म्हणजे तीनशे मिलिलिटर रक्त, जवळजवळ रक्तदानाची एक पिशवी. आठवड्यातून दोनदा धरलं, तर दोन महिन्यांत पाच लिटर गेलं. अंगात रक्तच तेवढं असतं! (हशा) म्हणजे लग्न झालेला एकही पुरुष वाचला नसता. खरं तर वीर्याचा बहुतेक भाग हा वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव असतो, आणि शुक्राणू सतत नवे तयार होत राहतात. 'स्वप्नदोष' म्हणतात त्यात दोष काहीच नाही.

मग शिकलेला माणूसही हे का मानतो?

पहिलं कारण, परंपरेचा आधार. आयुर्वेदात रसापासून शुक्रापर्यंत सात धातू क्रमानं सांगितलेत, शुक्र शेवटचा. त्यावरून 'फार मोलाची, मोजकी वस्तू' अशी समजूत पक्की झाली.

दुसरं, भीती स्वतःच पुरावा तयार करते. मुलगा घाबरतो, झोप उडते, भूक मंदावते. थकवा येतो आणि त्याला वाटतं, 'धातू गेल्यामुळंच!' या त्रासाला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. थकवा खोटा नसतो, त्याचं लावलेलं कारण खोटं असतं. मग कुणी पुडी देतं, धीर देतं. धीरानं झोप लागते, श्रेय पुडीला जातं.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: पडताळायची सोयच नाही. ताप आला तर आपण शेजाऱ्याला विचारतो. इथं प्रत्येकाला वाटतं, हे फक्त मलाच होतंय. पहिल्या रात्री रक्त आलंच पाहिजे, या समजुतीचंही तेच. अनेक मुलींना येत नाही. पण त्या कुणाला सांगणार? संशय मात्र त्यांच्याच माथी.

ही सोय करायचा प्रयत्न र. धों. कर्व्यांनी केला. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेतलं, तरी दंड झालाच. पुढं २००७ साली आपल्याच राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण विरोधामुळं थांबवलं गेलं. म्हणजे उत्तर देणाऱ्याला अडवायचं आणि भिंत रंगवणाऱ्याला मोकळं सोडायचं!

तेव्हा घरातल्या पोरानं काही विचारलं, तर 'गप्प बस' म्हणू नका. येत नसेल तर 'डॉक्टरांना विचारू' म्हणा. लघवीला जळजळ, पू, जखम असेल तर नोंदणीकृत डॉक्टरकडंच जा. बाकी नुसती भीती असेल, तर पुडीचे पैसे वाचवा आणि मोकळेपणानं बोला. आता तुमचे प्रश्न घेऊ. बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहायची गरज नाही.