तारीख ठरली की मासा ठरतो

सॅमनच्या मागावर : भाग ६

आज रॉड आणि रीळ यांची पाळी होती. ती पुढे ढकलतो, कारण ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यातले प्रश्न रीळच्या आधी सुटायला हवेत. तसंही पहिल्या खेपेला गाईडबरोबर जाणाऱ्याला रॉड, रीळ, गळ, जाळं यांतलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. सगळं त्याच्या होडीत असतं.

पत्र थोडक्यात असं. मुलगा-सून सिएटलला. नात बारा वर्षांची, नातू आठचा. ताई आणि त्यांचे यजमान उन्हाळ्यात तिकडे जाताहेत. मुलाने जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली अलास्काची तिकिटं काढून टाकलीत आणि केनाई नदीवर एका दिवसासाठी गाईड शोधतोय. ताई विचारतात : तुम्ही लिहिलेला तो भलामोठा किंग आम्हाला मिळेल का? होडीत मला झेपेल का, आणि संकोच सोडून विचारते, बाथरूमची सोय असते का? मासा मिळालाच तर घरी न्यायचा कसा?

दुसरा प्रश्न सगळ्यात शहाणपणाचा आहे आणि तोच कुणी विचारत नाही. पण क्रमाने घेऊ.

सॅमनच्या सहलीची आखणी नव्वद टक्के लोक नदीपासून सुरू करतात. कुणीतरी सांगितलं केनाई, की चला केनाई. वास्तविक सुरुवात कॅलेंडरपासून करावी. पाच जाती आपण बोटांवर मोजल्याच आहेत. त्यातली प्रत्येक आपापल्या महिन्यात नदीत शिरते. तिकीट काढलं त्या क्षणी मासा ठरून गेलेला असतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं.

तर किंग. केनाईचं नाव जगभर झालं ते किंगमुळे, यात शंका नाही. १७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन यांनी याच नदीत ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे ४४ किलोंचा किंग काढला. गळाने पकडलेल्या किंगचा तो जागतिक विक्रम आजही उभा आहे. पण त्या काळची केनाई आता राहिलेली नाही. परतणारे किंग कमी झाले, आणि जे येतात ते कमी वयाचे, अंगाने लहान. समुद्रात पाच-पाच वर्षं काढून येणारी ती थोराड पिढी विरळ होत गेली. म्हणून अलास्काच्या मत्स्यखात्याने गेल्या काही हंगामांत केनाईवर किंगची मासेमारी बंदच ठेवली. तेव्हा ताई, किंग बघायचा तर सोल्डॉटना गावच्या पर्यटक केंद्रात जा. अँडरसन यांचा मासा पेंढा भरून तिथे लावलाय. नातवाला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात केनाईत खरं राज्य सॉकायचं. चांगल्या वर्षी दहा लाखांहून जास्त मासे चढतात. सोल्डॉटनाजवळ पाण्यात बसवलेलं सोनार ते मोजतं आणि आकडा रोज जाहीर होतो. त्या दिवसांत गावातल्या कॉफीच्या दुकानात हवामानाआधी त्या आकड्याची चौकशी होते.

पण सॉकाय हा प्रकार विचित्र आहे. समुद्रात तो बारीक प्लवकं गाळून खातो आणि नदीत शिरला की खाणंच सोडतो. ज्याला खायचंच नाही त्याला आमिष काय दाखवणार? म्हणून केनाईवर निराळी तऱ्हा रुजली. शिशाचं वजन, त्यापुढे हातभर दोरी, टोकाला धाग्याचा झुपका बांधलेला गळ. प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर टाकायचं, शिसं तळाच्या गोट्यांवर टकटक करत वाहू द्यायचं आणि समोरून पुढे गेलं की झटका. मासा तोंड उघडमीट करत वर चढत असतो; दोरी त्या उघड्या तोंडातून सरकते आणि झटक्यासरशी गळ जबड्याच्या कडेला बसतो. पाठीत, शेपटीत, कुठेही भलतीकडे बसला तर मासा तत्काळ सोडायचा, असा कायदा आहे.

यात नवशिके हटकून फसतात ते एका गोष्टीत. मासा नदीच्या मधोमध असणार म्हणून ते कमरेपर्यंत पाण्यात शिरतात. सॉकाय जोराच्या प्रवाहाशी झुंजत नाही. तो काठाच्या संथ पाण्यातून, गुडघाभर खोलीतून, हाताच्या अंतरावरून चढतो. म्हणजे हे महाशय माशांच्या वाटेवरच उभे असतात आणि त्यांच्या मागून मासे निघून जातात. गाईड पहिली आज्ञा देतो ती "मागे या" अशी. दुसरी, चष्मा लावा. झटका फुकट गेला की शिसं आणि गळ सुसाट उलटे येतात.

टाका, वाहू द्या, झटका. टाका, वाहू द्या, झटका. तासाला शंभर वेळा. काठावर गर्दी इतकी, की दादरच्या पुलावरून आलेल्याला नवल वाटू नये. बारा वर्षांच्या नातीला हे आवडेल, तिच्या बाबाला तर वेड लागेल. आठ वर्षांचा मुलगा मात्र वीस मिनिटांत दगड गोळा करायला लागतो, आणि ताईंना गोट्यांवर गमबूट घालून तीन तास उभं राहायला सांगणारा मी कोण?

शिवाय साधं गणित पाहा. केनाईवरच्या गाईडच्या होडीत सहसा चार गिऱ्हाइकं बसतात. तुम्ही सहा जण. म्हणजे दोन होड्या, दोन गाईड, आणि निम्मं कुटुंब निम्म्या कुटुंबाला दिवसभर शोधतंय. बाथरूमचं म्हणाल तर त्या उघड्या होड्यांत ते नसतंच. काठावरच्या एखाद्या उद्यानापाशी थांबावं लागतं.

म्हणून माझा सल्ला : तारखा राहू द्या, तिकिटं राहू द्या, गाव बदला. अँकरेजहून केनाईच्या वाटेवर डावीकडे फाटा फुटतो तो सूअर्डला जातो. अँकरेजपासून दोनशे किलोमीटर. तिथे रेझरेक्शन बे नावाची डोंगरांनी वेढलेली लांबट खाडी आहे आणि जुलैच्या मध्यापासून तिच्यात सिल्व्हर, म्हणजे कोहो, शिरू लागतात. कोहो अजून समुद्रात असतो, भुकेला असतो, आमिषावर तुटून पडतो आणि गळ लागताच पाण्याबाहेर कोलांट्या घेतो. हेरिंगचे तुकडे लावलेली रॉड नातवाच्या हातात द्या. टोक वाकलं की पुढचं त्याला शिकवावं लागत नाही.

सूअर्डच्या बऱ्याच चार्टर होड्या सहा उतारूंच्या परवान्याच्या असतात. लोक त्यांना सिक्स-पॅक म्हणतात. सहा जण, एक होडी. बंद केबिन, बसायला बाकडं, आणि हो ताई, बहुतेकींत बाथरूम. बुक करताना "केबिन आहे का, टॉयलेट आहे का" हे स्पष्ट विचारून घ्या. इंग्रजीत त्याला "हेड" म्हणतात, मुलगा गोंधळायला नको. आणखी एक अट घाला : आम्हाला खाडीतच ठेवा, बाहेर आखाताच्या लाटांवर नेऊ नका. बाहेर मोठा हॅलिबट मिळतो हे खरं, पण लाट लागली की सहातले चार आडवे होतात. लाटेची गोळी घ्यायची तर आदल्या रात्रीपासून, आणि रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. पोट रिकामं ठेवू नका. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, जे काही कोरडं असेल ते न्या. केळी मात्र नेऊ नका. होडीवर केळं म्हणजे अपशकुन अशी तिकडच्या मच्छीमारांची पक्की समजूत. हसत हसत सांगतात, पण केळं दिसलं की चेहरे उतरतात हे मी पाहिलंय.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे वळतो. ताईंनी विचारलं नसलं तरी. कोहोची वाट पाहताना गळाला मध्येच लहान, तीन-चार पौंडांचा मासा लागेल. कॅप्टन तोंड वाकडं करून म्हणेल, "हम्पी." हाच आपल्या करंगळीवरचा पिंक. मांस मऊ, तेल कमी, बाजारात डब्यात जाणारा. त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही. माझं मत उलटं आहे. मुलाचा पहिला मासा हम्पीच असावा. तो झुंडीने येतो, आमिष बघून लाजत नाही, आणि आठ वर्षांच्या मनगटाला पुरतं पण झेपेल एवढंच ओढतो. वीस पौंडांच्या माशात रॉड शेवटी बाबाच्याच हातात जाते.

शिवाय पिंकइतका घड्याळी मासा दुसरा नाही. त्याचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. सम सालात जन्मलेला सम सालातच परततो, विषमचा विषमात. एकाच नदीतल्या या दोन पिढ्यांची अंडी घालताना कधी गाठ पडत नाही. केनाईत पिंकचा मोठा लोंढा सम सालीच येतो. सिएटलभोवतालच्या पाण्यात नेमकं उलटं, विषम सालीच. २०२६ सम आहे, तेव्हा यंदा अलास्का. २०२७च्या ऑगस्टात अलास्काला जायची गरजच नाही. सिएटलच्या लिंकन पार्कच्या किनाऱ्यावर बाप-लेक उभे राहिले तरी पुरे.

हा नियम एका ठिकाणी मोडला, ती हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५६ साली कॅनडात सुपीरियर सरोवराकाठच्या एका पैदास केंद्रात पिंकची पिल्लं उरली. ती हडसन उपसागराकडे पाठवण्यासाठी वाढवलेली होती. उरलेली सुमारे २१ हजार पिल्लं तिथल्याच पाण्यात सोडून दिली. गोड्या पाण्यात ती जगतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती नुसती जगली नाहीत, तर पसरत पसरत पाचही महासरोवरांत पोचली. सुरुवातीला ती फक्त विषम सालीच अंडी घालत. मग १९७६ साली, सम सालात, मासे दिसले. झालं असं, की थंड, अन्न कमी असलेल्या पाण्यात काही मासे दोनऐवजी तिसऱ्या वर्षी वयात आले आणि विषमची पोरं सम सालात जाऊन बसली. दोन वर्षांचं घड्याळ माशाच्या रक्तात असलं, तरी पाणी त्याला एखाद्या वर्षाने मागे ठेवू शकतं.

असो. परत होडीवर. कागदपत्रं फार नाहीत. अलास्काबाहेरच्या माणसाला एका दिवसाचा परवाना १५ डॉलर, तीन दिवसांचा ३०. सोळा वर्षांखालच्या मुलांना परवानाच लागत नाही. नुसत्या बसून राहणाऱ्यालाही तो नको, पण होडीतली जागा त्याने अडवलेली असते, त्यामुळे तिकीट पडतं. ताई, तुम्ही मात्र काढाच. समोर रॉड वाकल्यावर हात धरून बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि परवान्याशिवाय रॉड हातात घेतली तर दंड. तेरा वर्षांखालच्या मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकीट असणं कायद्याने सक्तीचं आहे. दोन्ही नातवंडांच्या मापाची जाकिटं गाईडकडे आहेत ना, हे वयं आणि वजनं सांगून आधीच विचारा. गाईडचा मेहनताना वेगळा आणि त्यावर पंधरा ते वीस टक्के टिप हा तिकडचा रिवाज आहे. तो धरूनच हिशेब मांडा. हवा बिघडून फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हेही बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

राहिला तिसरा प्रश्न. मासा होडीत आला की लगेच डोक्यात ठोकायचा, कल्ले कापून रक्त वाहू द्यायचं आणि बर्फात. हे पाच मिनिटांत झालं तर मासा मासा राहतो. उन्हात तासभर पडला तर हम्पीचा लगदा होतो आणि मग लोक हम्पीला नावं ठेवतात. धक्क्यावर गाईडचा माणूस बहुधा तुकडे काढून देतो. तिथून ते गावातल्या प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायचे. तो हवा काढून पाकीटबंद करतो, कडक गोठवतो आणि पुठ्ठ्याच्या पेटीत भरून देतो. पेटी पन्नास पौंडांच्या आत ठेवली की चेक-इन सामानात निघते. गोठायला किमान एक रात्र लागते. म्हणून मासेमारीचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नका. एक दिवस मागे हवाच. दोन दिवस ठेवलेत तर उत्तम, कारण हवेमुळे फेरी पुढे गेली तरी सहल बुडत नाही. आणि त्या मोकळ्या सकाळी मुलगा नि नात केनाईवर जाऊन सॉकायवर हात मारून येतील.

एक हम्पी मात्र गोठवायला देऊ नका. त्याच संध्याकाळी खोलीवर, मीठ-हळद-तिखट आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर. सॅमनला सुरमईइतका वेळ लागत नाही. कडा पांढुरक्या झाल्या की उतरवा. मादी निघाली तर गाबोळीही त्याच तव्यावर.

ऑगस्टच्या मध्याला जाऊ म्हणणाऱ्या इतर वाचकांसाठी सूचना : तेव्हा सूअर्डला सिल्व्हर सॅमन डर्बी असते, १९५६पासून चालत आलेली. कोहो भरपूर, पण होड्या आणि खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. आज फोन करा.

आणि फोनवर "मासा किती मोठा मिळेल" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी सांगा : आम्ही सहा जण, सत्तरीतल्या दोघांपासून आठ वर्षांच्या पोरापर्यंत. हे ऐकून जो गाईड उलट चार प्रश्न विचारतो, त्याला पैसे पाठवा. जो थेट माशांचे फोटो पाठवतो, त्याला एकट्याने जाल तेव्हासाठी राखून ठेवा.

रॉड आणि रीळ पुढच्या शनिवारी. गोव्याहून एकांनी गळाच्या काट्याबद्दल चार पानं लिहून पाठवलीत, ती मात्र मी मुद्दाम अजून उघडलेली नाहीत.